स्नो ब्लोअरचा शिअर बोल्ट सारखा का तुटतो, आणि बर्फ पडायच्या आत काय करून ठेवावं

प्रश्न असा आला आहे: ओटावाच्या पश्चिमेला पाच एकरांवरचं घर घेतलं. घराबरोबर ३५ एचपीचा ट्रॅक्टर आणि त्याला मागून लावायचा सहा फुटी स्नो ब्लोअर मिळाला. गेल्या हिवाळ्यात शिअर बोल्ट, म्हणजे जास्त झटका बसला की मुद्दाम आधी तुटावेत म्हणून लावलेले बोल्ट, सारखे तुटत होते. ओला बर्फ शूटमध्ये, म्हणजे बर्फ बाहेर फेकणाऱ्या नळकांड्यात, अडकून बसायचा. मार्चपर्यंत गिअरबॉक्समधून घरघर ऐकू यायला लागली. शेजारचे म्हणाले, कडक बोल्ट टाका, कटकट मिटेल. टाकावा का? आणि बर्फ पडायच्या आत काय काय करून घ्यावं?

कडक बोल्ट टाकू नका. बाकीचं सवडीने वाचलंत तरी चालेल, पण एवढं आधी पक्कं करा. तुमच्या तिन्ही तक्रारी एकमेकींत गुंतलेल्या असण्याची शक्यता बरीच आहे. त्यातली सगळ्यात स्वस्त तक्रार म्हणजे बोल्ट तुटणं. ती कडक बोल्ट टाकून दाबली, तर सगळ्यात महाग तक्रार, म्हणजे गिअरबॉक्सची, वाढत जाणार.

मी इथेच पूर्व ऑन्टॅरिओत शेतीची अवजारं दुरुस्त करतो. उन्हाळ्यात बेलर आणि गवत कापायची यंत्रं, थंडी लागली की ब्लोअर. गावाकडे रोटाव्हेटर हाताळलेल्या माणसाला हे यंत्र परकं वाटायचं कारण नाही. तोच पीटीओ, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या अवजाराला देणारा ट्रॅक्टरचा फिरता दांडा, तसाच गिअरबॉक्स, बऱ्याच मॉडेलांत बाजूला तशीच चेन. पुढचा ऑगर, म्हणजे मळसूत्री पातं, बर्फ खरवडून मधोमध ओढतो आणि मागचा पंखा तो शूटमधून लांब फेकतो. क्यूबेकच्या आर्थर सिकार यांनी १९२५ मध्ये मोटारीवर बसवलेला स्नो ब्लोअर बनवला आणि १९२७ मध्ये मॉन्ट्रियलला लागून असलेल्या उत्रमाँ शहराला विकला. ओढायचं एकाने आणि फेकायचं दुसऱ्याने, ही कामाची वाटणी आजच्या ब्लोअरमध्येही आहे.

आता बोल्ट. तुमच्या ट्रॅक्टरच्या पीटीओला ३० एचपी मिळतात असं धरू. मिनिटाला ५४० फेऱ्यांना त्याचा पीळ साधारण ३९५ न्यूटन-मीटर होतो. ऑगरमध्ये गोठलेलं लाकूड किंवा दगड अडकला की फिरता पंखा, शाफ्ट आणि इंजिनचं फ्लायव्हील यांचा सगळा जोर त्या एका क्षणात येतो, आणि तो झटका या आकड्याच्या कितीतरी पट असतो. तो कुठेतरी मोडतोड करणारच. कुठे करायची हे बनवणाऱ्याने आधीच ठरवून दिलंय: शिअर बोल्टमध्ये. इंची बोल्टच्या डोक्यावर खुणा असतात. काहीच रेघ नसेल तर ग्रेड २, तीन रेघा असतील तर ग्रेड ५, सहा असतील तर ग्रेड ८. ग्रेड २ ची ताणशक्ती ७४,००० पीएसआय, ग्रेड ५ ची १,२०,००० आणि ग्रेड ८ ची १,५०,०००. म्हणजे ग्रेड २ च्या जागी ग्रेड ८ ठोकला, तर गिअरबॉक्सपर्यंत पोचणारा झटका सरळ दुप्पट करून ठेवला. कुठल्या ब्लोअरला ग्रेड २ लागतो, कुठल्याला ग्रेड ५, ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. पीटीओ शाफ्टवरचा आणि ऑगरवरचा बोल्ट एकसारखा असेलच असं नाही, म्हणून दोन्ही वेगवेगळे बघा. लांबीही बघा. काही बोल्टांत, जोडलेले दोन भाग जिथे एकमेकांवर सरकतात त्या रेषेवर गुळगुळीत भाग यावा लागतो, काहींत आटे. चुकीच्या लांबीचा बोल्ट योग्य ग्रेडचा असूनही लवकर तुटतो. हार्डवेअरच्या दुकानातून अंदाजाने उचललेल्या बोल्टांचं बऱ्याचदा हेच होतं.

पण ग्रेड बरोबर असूनही बोल्ट आपलं काम करत नाही अशी एक जागा आहे, आणि ती जवळजवळ कुणीच तपासत नाही. शिअर बोल्ट ज्या हबला शाफ्टशी जोडतो, तो हब बोल्ट तुटल्यावर शाफ्टवर मोकळा फिरायला हवा. त्यासाठी त्यावर बऱ्याचदा ग्रीस निपल असतं. बर्फ, मीठ आणि वर्षानुवर्षांचं पाणी आत जाऊन हब शाफ्टला गंजाने धरून बसतो. मग बोल्ट असला काय नि नसला काय, दोन्ही भाग एकजीव झालेले. मागे एक ब्लोअर माझ्याकडे आला, त्याच्या गिअरबॉक्सचा ओतीव कान पूर्ण तुटून पडला होता. मालक चकित होते, कारण शिअर बोल्ट शाबूत होता आणि ग्रेडही योग्य. बोल्ट काढून हबला पाइप पाना लावला, जागचा हलला नाही. रात्रभर गंज सोडवणारं तेल मुरवलं, सकाळी गॅसच्या ज्योतीने हब तापवला, मग पुलरने तो टकटक करत सुटला. आतून विटकरी रंगाची भुकटी सांडली, आणि शाफ्टवर बोट फिरवलं तर खड्डे हाताला लागत होते. त्या निपलला बऱ्याच हिवाळ्यांत ग्रीसचा थेंब मिळालेला नव्हता. निपल रंगाखाली बुजलेलं होतं.

म्हणून तुमचं पहिलं काम हे: इंजिन बंद, चावी खिशात, ब्लोअर जमिनीवर टेकवलेला. एकेक शिअर बोल्ट काढा आणि तो भाग हाताने किंवा छोट्या पहारीने फिरवून बघा. सहज फिरला पाहिजे. फिरत असेल तर ग्रीस भरा, पुन्हा फिरवा, परत भरा, जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत. फिरत नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तेच सोडवा.

दुसरं, तुटलेले बोल्ट फेकू नका. ते बघून बरंच कळतं. तुटलेलं तोंड सपाट, स्वच्छ आणि दांडा सरळ असेल तर एकदम बसलेला झटका आहे: दगड, फांदी, गोठलेला पंखा. दांडा वाकून इंग्रजी एससारखा झाला असेल, तोंडाजवळ घासून चकाकत असेल, तर बोल्ट सैल होता किंवा भोकं अंडाकृती झाली आहेत. अशा बोल्टवर प्रत्येक फेरीला हातोडा पडत राहतो आणि तो साध्या भारालाही तुटतो. तुमच्याकडे 'सारखे' तुटतात म्हणता, त्यामुळे माझा पहिला संशय भोकांवर आहे. नवा बोल्ट भोकात सरकवून हलवून बघा. खडखडत असेल तर भोक वेल्डने भरून मूळ मापाचं पाडून घ्यावं लागेल, किंवा योकच, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा भोकं असलेला दुबेळका भाग, बदलावा. भोक मोठं करून जाड बोल्ट घालणं हा कडक बोल्टचाच दुसरा अवतार आहे. आणि बोल्ट नुसता अडकवून ठेवायचा नसतो. नायलॉक नटने नीट आवळा.

भोकं ठीक असतील तर चालवायच्या पद्धतीकडे या. पीटीओ जोडताना इंजिन मंद चालू असावं, जोडल्यावर रेस हळूहळू वाढवावी. पूर्ण रेसवर पीटीओ जोडला तर उभ्या पंख्याला एकदम ५४० वर खेचण्यात बोल्ट जातो. त्याहून जास्त वेळा घडतं ते असं: काम संपलं, ब्लोअर तसाच शेडमध्ये उभा केला. आतला बर्फ इंजिनच्या उबेने वितळला, पंख्याच्या तळाशी पाणी साचलं आणि रात्रीतून गोठलं. सकाळी पंखा बॉडीला चिकटलेला असतो. आपण पीटीओ जोडतो आणि फट्. यावर उपाय सोपे आहेत. काम झाल्यावर मोकळ्या जागेत मिनिटभर ब्लोअर रिकामा फिरवा. शेडमध्ये जमिनीवर न टेकवता फळ्यांवर टेकवा, म्हणजे खालची पट्टी फरशीला गोठून चिकटत नाही. आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर सुरू करायच्या आधी पंखा आणि ऑगर फिरतात का ते लाकडाने ढकलून बघा. हलत नसतील तर गरम पाणी किंवा हीट गन. आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून ब्लोअर वितळायची वाट बघू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणूस मारतो.

आता ओल्या बर्फाची तक्रार. इथे दोन गोष्टी एकत्र येतात: पंख्याचा वेग आणि पंखा व बॉडी यांच्यातली फट.

वेगाचं आधी. बर्फ जोरात येतोय असं दिसलं की बहुतेक जण इंजिनची रेस कमी करतात. करायचं नेमकं उलट. सहसा पंखा थेट पीटीओच्या वेगाने फिरतो. त्याचा व्यास ६१ सेंटिमीटर धरला तर ५४० फेऱ्यांना पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला १७ मीटरच्या आसपास येतो. ४०० फेऱ्यांना तो १३ मीटरच्या खाली जातो. फेक वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून फेऱ्या पाव भागाने कमी झाल्या की अंतर जवळजवळ निम्म्यावर येतं. ओला बर्फ निम्म्या जोराने वर गेला की शूटच्या वळणावर थबकतो, मागून आलेला त्यावर बसतो, आणि बूच लागतं. तेव्हा रेस पूर्ण, ५४० ची खूण असेल तिथे, आणि ट्रॅक्टरचा पुढे-मागे जाण्याचा वेग कमी. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे गिअर न बदलता पेडलने चाल कमी-जास्त होणारा, ट्रॅक्टर असेल तर हे पायाखाली आहे. गिअरचा असेल तर सगळ्यात खालचा गिअर लावा, आणि तरी दम लागत असेल तर अख्खी रुंदी न घेता अर्ध्या रुंदीने कापा.

किती माल उचलतोय याचा अंदाज असावा. सहा फुटी ब्लोअर २० सेंटिमीटर बर्फातून तासाला एक किलोमीटरच्या चालीने गेला, तर तासाला ३६६ घनमीटर बर्फ आत येतो. कोरडा ताजा बर्फ घनमीटरला १०० किलो धरला तर ते जवळजवळ ३७ टन झाले. तोच बर्फ बसून ओला झाला आणि ३०० किलोचा झाला की ११० टन. रस्त्यावरच्या नांगराने तुमच्या फाटकात सोडलेला ढिगारा याहूनही जड असतो. फुटाला किमान पाच एचपी असा जो ठोकताळा आहे, त्यानुसार तुमचा ट्रॅक्टर सहा फुटांना जेमतेम पुरतो, म्हणून ओल्या बर्फात तुम्हाला सावकाशच जावं लागणार. त्याला इलाज नाही. फाटकातला ढिगारा मात्र पडल्या पडल्या काढा, तासाभरात त्याचा दगड होतो. आणि तो काढताना शूट रस्त्याकडे वळवू नका. ऑन्टॅरिओच्या हायवे ट्रॅफिक ॲक्टनुसार परवानगीशिवाय रस्त्यावर बर्फ टाकता येत नाही.

फटीचं म्हणाल तर पंख्याचं पातं आणि गोल बॉडी यांच्यात ३ ते ६ मिलिमीटर असली तर उत्तम. जुन्या ब्लोअरमध्ये पाती झिजून ती १२-१५ मिलिमीटर झालेली असते. कोरडा बर्फ तेवढ्यातही उडतो. ओला मात्र त्या फटीतून मागे सरकतो आणि पंखा त्याला नुसता घुसळत राहतो. यावर रबरी पट्ट्या बसवतात. साधारण १० मिलिमीटर जाडीचा, आत कापडाचे थर असलेला पट्टा घ्यावा. जुन्या बेलरच्या पट्ट्याचा तुकडा यासाठी झकास. प्रत्येक पात्याला लोखंडी पट्टीखाली तो बोल्टने आवळायचा, बॉडीला जेमतेम टेकेल इतका पुढे काढून. सगळ्या पात्यांना सारख्या मापाचे आणि सारख्या वजनाचे लावा, नाहीतर पंख्याचा तोल जाऊन बेअरिंग जातील. लावण्याआधी पंखा हाताने पूर्ण फिरवून बॉडीला कुठे पोचा आहे का बघा. पोचा असेल तर रबर पहिल्याच दिवशी फाटेल. लावल्यावर इंजिनवर भार थोडा वाढतो, पण चिखलासारख्या बर्फात फरक डोळ्यांना दिसतो.

शूटच्या आतला गंज हे तिसरं कारण. खरखरीत पत्र्यावर ओला बर्फ चिकटतो. तारेच्या ब्रशने गंज उतरवा, चांगला रंग द्या, वाळल्यावर ग्राफाइटचा कोट किंवा मेण. हंगामात मधून मधून सिलिकॉन स्प्रे. शूट ज्या कड्यावर फिरतो तिथे ग्रीस लावा, ते गोठलं की फिरवणारी हायड्रॉलिक मोटर किंवा केबल ताण खाते.

इथे थांबून एक गोष्ट सांगतो, आणि ती तुमच्या घरातल्या प्रत्येकाने ऐकावी. अडकलेला बर्फ हाताने काढायचा नाही. कधीच नाही. पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी बाहेर, पंखा पूर्ण थांबेपर्यंत वाट बघा, आणि मग लाकडी दांडक्याने किंवा प्लॅस्टिकच्या खास फावडीने ढकला. पीटीओ सोडल्यावरही पंखा काही वेळ फिरत राहतो, आणि हातमोजा आत घेतला की हातही जातो. ५४० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ९. गावाकडे मळणी यंत्रात उपरणं, ओढणी अडकून काय होतं ते आपण ऐकत-बघत आलोय. इथे मफलर असतो, जॅकेटच्या दोऱ्या असतात. पीटीओ शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर तुटलं असेल तर नवं आणा, आणि तोवर ब्लोअर चालवू नका. कव्हर शाफ्टबरोबर फिरता कामा नये. त्याची साखळी ट्रॅक्टरला बांधलेली हवी आणि थांबलेलं असताना ते हाताने सहज फिरलं पाहिजे. मुलांना आणि कुत्र्याला ब्लोअर चालू असताना घरातच ठेवा, शूटमधून दगडही तितक्याच वेगाने उडतो.

गिअरबॉक्सची घरघर. ती उघडण्याआधी हे बघा की आवाज कधी येतो. ब्लोअर वर उचलल्यावरच येत असेल आणि खाली टेकवल्यावर जात असेल, तर गिअरबॉक्स निर्दोष असू शकतो. पीटीओ शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसना, म्हणजे शाफ्ट वाकवून फिरू देणाऱ्या सांध्यांना, जास्त किंवा असमान कोन मिळाला की शाफ्ट खडखडतो आणि तो आवाज गिअरबॉक्समधून आल्यासारखा वाटतो. काम करायच्या उंचीवर गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट समांतर दिसले पाहिजेत. नसतील तर टॉप लिंक, म्हणजे ट्रॅक्टर आणि ब्लोअर यांना जोडणारा वरचा दांडा, कमी-जास्त करा. पूर्ण वर उचलायचं असेल तेव्हा पीटीओ बंद करायची सवय लावा.

सगळ्या उंचीवर घरघर येत असेल तर तेल काढा, पांढऱ्या भांड्यात. ताकासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. चमकीसारखे कण दिसले तर बेअरिंग किंवा गिअरचे दात झिजतायत. मग पीटीओ शाफ्ट सोडवून गिअरबॉक्सचा शाफ्ट धरा आणि वर-खाली हलवा. जराही हलला तर बेअरिंग गेलं. गोल फिरवताना थोडी मोकळीक असतेच, तिला घाबरू नका. पाणी बहुतेकदा हवा जाणाऱ्या छोट्या व्हेंटमधून नाहीतर फाटक्या ऑइल सीलमधून येतं. ते तळाशी साचतं, उणे वीसमध्ये गोठतं, आणि पहिल्या फेरीला बेअरिंग त्या बर्फावर घासतं. तेल बदलणं हे दहा मिनिटांचं काम आहे. बहुतेकांना ८०डब्ल्यू-९० जीएल-५ चालतं, तरी मॅन्युअल किंवा पाटी बघून घ्या. लेव्हल प्लगपर्यंतच भरा. काठोकाठ भरलं तर गरम झाल्यावर जागा नसल्याने सील बाहेर ढकललं जातं.

बेअरिंग बदलायचं ठरलं तर शिम पत्र्या, म्हणजे अंतर जुळवायला घातलेल्या पातळ चकत्या, ज्या बाजूच्या त्याच बाजूला परत गेल्या पाहिजेत. उघडताना बाजू लिहून बांधून ठेवा. त्यांची अदलाबदल झाली की गिअरचे दात चुकीच्या जागी भिडतात आणि नवं बेअरिंगही टिकत नाही. सील बदलताना शाफ्टवर जिथे त्याचा ओठ घासतो तिथे नख फिरवा. खोबण लागली तर नवं सीलही गळणार. तिथे पातळ स्लीव्ह चढवावी, किंवा सील दोन-तीन मिलिमीटर पुढे-मागे बसवावं. आणि सीलच्या मागे सुतळी किंवा तार गुंडाळलेली सापडते का बघा. गवताच्या गाठोड्याची सुतळी बर्फाखाली दिसत नाही आणि ऑगर ती इमानाने गोळा करतो.

चेन असेल तर तिचं थोडक्यात. मधोमध दाबल्यावर १२ मिलिमीटरच्या आसपास ढिली असावी. ५० नंबरच्या नव्या चेनच्या १६ कड्यांची लांबी २५४ मिलिमीटर असते. ती २६० झाली की चेन बदला, आणि स्प्रॉकेटचे दात हुकासारखे वळले असतील तर तेही. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन टाकणं म्हणजे पैसे वाया.

पीटीओ शाफ्टच्या लांबीवर मात्र जरा थांबायला हवं, कारण तुमचा ट्रॅक्टर आणि ब्लोअर मूळची जोडी आहे की नाही कोण जाणे. ब्लोअर हळूहळू वर-खाली करून शाफ्ट सगळ्यात आखूड कुठे होतो ती जागा शोधा. तिथे आतली नळी तळाला टेकायला अजून किमान २५ मिलिमीटर शिल्लक हवेत. टेकत असेल तर ती दरवेळी ट्रॅक्टरच्या पीटीओ बेअरिंगवर आणि ब्लोअरच्या गिअरबॉक्सवर घणाचा घाव घालत असणार, आणि घरघरीचं मूळ तिथेही असू शकतं. सगळ्यात लांब होतो तिथे नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश तरी असल्या पाहिजेत. कापायची वेळ आली तर आतली, बाहेरची आणि दोन्ही कव्हरं सारख्याच मापाने कापा, कानशीने कड गुळगुळीत करा, कीस पुसा, ग्रीस लावून जोडा. क्रॉसना कामाच्या दर आठ तासांनी ग्रीस द्या. कडाक्याच्या थंडीत साधं एनएलजीआय २ ग्रीस लाकडासारखं घट्ट होतं, त्यामुळे थंडीसाठीचं सिंथेटिक घ्या.

खालची बॉडी. तुमचा रस्ता खडीचा असेल, पाच एकरांवर सहसा असतोच, तर स्किड शू, म्हणजे ब्लोअर ज्यांवर टेकतो ते बाजूचे पाय, असे बांधा की खालची पट्टी जमिनीपासून किमान २५ मिलिमीटर वर राहील. पहिल्या एक-दोन बर्फांत तर मुळीच खरवडू नका. थोडा बर्फ दाबून बसू द्या, तो गोठला की खडी धरून ठेवतो आणि मग वरचा बर्फ निर्धास्त उडवता येतो. डांबरी असेल तर शू जवळजवळ टेकवले तरी चालतात. खालची पट्टी बऱ्याचदा उलटवून वापरता येते. ती झिजून बॉडीच्या कडेपर्यंत पोचायच्या आत उलटवा किंवा बदला. पुढे गेलात तर बॉडीच झिजते आणि मग वेल्डिंगला पर्याय उरत नाही.

ऑगरचं पातं वाकलं असेल तर तापवून सरळ करा. चीर असेल तर रंग-गंज घासून, थंड लोखंड आधी कोमट करून ७०१८ नंबरच्या वेल्डिंग रॉडने भरा. दोन गोष्टी पाळा. ब्लोअर ट्रॅक्टरपासून सोडवून मग वेल्डिंग करा, आणि अर्थचा चिमटा चिरेच्या शेजारीच लावा. चिमटा लांब लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि आतल्या गोळ्यांवर डाग पाडतो. महिनाभराने बेअरिंग वाजायला लागतं आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

हे सगळं ऑक्टोबरात करा. जमीन कोरडी असते, बोटं काम करतात, आणि सुट्या भागांच्या दुकानात माल असतो. त्याच आठवड्यात रस्त्याच्या दोन्ही कडांना चमकत्या काठ्या रोवून टाका. जमीन गोठल्यावर त्या जात नाहीत, आणि बर्फाखाली कड कुठे आहे हे डिसेंबरात कुणालाच आठवत नाही. पायपुसणी, मुलांची खेळणी, पाण्याचा पाइप, वीजतारेचा गुंडाळा, दारात पडलेली वर्तमानपत्रं उचला. ऑगरला लागणाऱ्या झटक्यांपैकी बरेचसे इथूनच येतात. ट्रॅक्टरमध्ये थंडीचं डिझेल भरलंय ना, ब्लॉक हीटर चालतो ना, बॅटरी तग धरेल ना, एवढं बघा. मागे ब्लोअर उचलल्यावर पुढची चाकं हलकी होतात, म्हणून पुढे वजन लावा किंवा लोडर तसाच ठेवा.

हंगाम संपला की मीठ धुऊन टाका, वाळल्यावर उघड्या लोखंडावर तेल फिरवा, गिअरबॉक्सचं तेल तेव्हाच बदला म्हणजे पाणी उन्हाळाभर बेअरिंगवर बसून राहत नाही, आणि पीटीओच्या दोन्ही नळ्या सोडवून, पुसून, ग्रीस लावून ठेवा.

राहता राहिला खर्चाचा प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत पण घरघर ऐकून मनात आला असणार. तेलात फक्त पाणी असेल, चमकी नसेल आणि शाफ्ट हलत नसेल, तर तेल, सील आणि व्हेंट बदलून हा हिवाळा चालवा, पहिल्या दोन-तीन वापरांनंतर तेल पुन्हा काढून बघा. शाफ्ट हलत असेल पण दात शाबूत असतील तर बेअरिंग बदलणं परवडतं. दात तुटले असतील किंवा ओतीव खोक्याला चीर असेल तर तो वेल्ड करत बसू नका, अख्खा गिअरबॉक्स घ्या. मागवताना त्याच्या पाटीवरचा नंबर, गुणोत्तर, फिरण्याची दिशा आणि शाफ्टचं माप ही चारही माहिती द्या. इथे ५४० च्या शाफ्टला १ ३/८ इंच आणि सहा खाचा असतात, तेवढ्यावरून दुकानदार भलताच गिअरबॉक्स देऊ शकतो. दिशा उलटी आली तर ऑगर बर्फ बाहेर ढकलेल. त्याच ऑर्डरमध्ये मॅन्युअलप्रमाणेच्या शिअर बोल्टचा एक डबा नटांसकट घ्या, आणि त्यातले काही ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये, दोन पाने, एक पंच आणि छोट्या हातोडीबरोबर ठेवून द्या.